सतरा नव्वे

स्मरण संशोधन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत उज्ज्वला दाणी खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. ही खुर्ची पाय खाली सोडून बसायची आहे, हे त्यांना दोनदा सांगून झालं होतं.

"मांडी घातल्याशिवाय मला पाढे येत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि हे जाळं जरा सैल करा बाप्पा. मी काय अंबाझरी तलावातला मासा आहे?"

डॉ. यशोधन राहाटेंनी हसत त्यांच्या डोक्यावरचं शिरोजाल सैल केलं. केसांपेक्षाही बारीक तारांची ती टोपी होती. मेंदूतली एखादी आठवण जागी झाली की ती कुठून कुठे धावते, हे त्या तारा टिपत. टिपलेलं शेजारच्या स्मृतिलेखकात साठत होतं. त्यातून तयार होणाऱ्या मूळसाच्यावरून तीच आठवण मुलांच्या मेंदूत रुजवायची, हा केंद्राचा स्मृतिरोपणाचा प्रकल्प. पहिली आठवण म्हणून त्यांनी तिसापर्यंतचे पाढे निवडले होते. नागपूरच्या शाळांत मुलांच्या हातात उत्तर देणारी यंत्रं होती, पण आठ सक किती याचा अंदाजही मुलांच्या डोक्यात उरला नव्हता.

"आम्ही पाठ करून घ्यायचो तेव्हा घोकंपट्टी म्हणून शिव्या खाल्ल्या," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "आता तेच तारांनी करून राहिले."

"बाई, छापील पाढे रुजवून पाहिले. तीन महिन्यांत गळून गेले. वर्षानुवर्षं घोटलेलीच आठवण रुजते. म्हणून तर तुम्हाला त्रास दिला."

कोपऱ्यात त्यांची मुलगी शाल्मली बसली होती. ती विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवायची. एकाच माणसाचा आवाज लहानपणी आणि म्हातारपणी कशावरून ओळखता येतो, हा तिचा अभ्यासाचा विषय. आज आईचं शेवटचं बसणं होतं, म्हणून ती न्यायला आली होती.

"सतरा एके?" उज्ज्वलाबाईंनी डोळे मिटून सुरुवात केली. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकला. त्या थोडं थांबल्या. अंगठा दुसऱ्या पेरावर गेला. "सतरा दुणे?" पुन्हा थांबल्या.

"उत्तरंही म्हणा की, बाई."

"उत्तर मास्तरनं म्हणायचं नसतं. मुलांनी म्हणायचं. शाळेत नाही, घरी नाही, मी पाढ्याचं उत्तर कधी तोंडानं म्हटलेलं नाही."

"असू दे. यंत्र आतलं सगळं वाचतं. उत्तर कोणाच्या तोंडून आलं याच्याशी त्याला काय करायचंय?"

तिघंही हसले.

"राहाटे सर," शाल्मलीने विचारलं, "वाचल्यावर मूळ आठवणीचं काय होतं?"

"काही नाही. आठवण म्हणजे थिजलेलं तूप समजा. आठवलं की ती वितळते, थोड्या वेळाने पुन्हा थिजते. वितळलेली असते तेवढ्यात ती वाचता येते, त्यात भरही घालता येते. लेखनासाठी आम्ही तिला जरा जास्त वेळ वितळलेली ठेवतो, इतकंच."

"आणि पुन्हा थिजली नाही तर?"

"थिजते."

"सारखं तापवलं की तूप रवाळ राहत नाही बरं," उज्ज्वलाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "करपतंसुद्धा."

"बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीच करा."

परतताना गाडी आपली आपण चालत होती आणि शाल्मली सवयीने रस्त्याकडे बघत होती.

"ती चालते नं स्वतःची? मग तू समोर काय बघून राहिलीस? माझ्याकडे बघ. वाळलीस."

"आई, मी पंचेचाळीस वर्षांची आहे."

"मग पंचेचाळीस वर्षांची वाळलीस. उद्या जेवायला ये."

"उद्या व्याख्यान आहे. परवा येते."

"परवा ये. भरली वांगी करते. आणि ती तुझी सर्दी दाखव कोणाला तरी. लहानपणापासून तेच."

घरासमोर उतरून त्या मागे न बघता आत गेल्या. तशाच जायच्या नेहमी.

परवा शाल्मली आली, तेव्हा ओट्यावर परातीत वांगी धुऊन ठेवलेली होती. उज्ज्वलाबाईंनी दार उघडलं, तिला नीट न्याहाळलं आणि नम्रपणे विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?"

मग आत वळून स्वतःशीच म्हणाल्या, "एकटीसाठी इतकी वांगी कशाला आणली मी?"

*

त्यांना नवरा आठवत होता. शाळा, धाकटी बहीण, दूधवाल्याचं नाव, सगळं आठवत होतं. पाढे आठवत नव्हते आणि मुलगी आठवत नव्हती. डॉक्टर वय म्हणाले. राहाटेही वय म्हणाले, तेही फोनवर. शाल्मली रोज जायची. उज्ज्वलाबाई तिला चहा करून द्यायच्या, "तुम्ही फार करता हो माझ्यासाठी," म्हणायच्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या दिवशी पाण्याचा पेला हातात घेताना त्यांनी शाल्मलीला "बसा ना," म्हटलं होतं. आईने शेवटपर्यंत अहो-जाहो केलं, ही गोष्ट शाल्मलीने कोणाला सांगितली नाही. समाचाराला आलेल्या बायका "सुटल्या बिचाऱ्या" म्हणत, तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात जायची.

पावसाळ्यानंतर राहाटेंचा निरोप आला. मुलांच्या बाबतीत एक अडचण आहे, तुमची मदत हवी.

ती गेली. मदत करायला नाही.

"बसा, डॉक्टर दाणी," राहाटे म्हणाले. ते बारीक झाले होते.

"उभी बरी आहे. बोला."

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या तुकडीतल्या साडेतीनशे मुलांमध्ये पाढे रुजले होते. एका दुपारी मूल खुर्चीत बसे आणि उठताना त्याला तिसापर्यंतचे पाढे येत. भागाकार सुधारले, अपूर्णांक सुधारले. फक्त एका ठिकाणी सगळी मुलं अडत होती. सतरा नव्वे. उत्तर चुकत नव्हती, देतच नव्हती. थांबत होती. हाक मारली तरी काही क्षण त्यांना ऐकू जात नसे.

"एका पाढ्याची एक ओळ," शाल्मली म्हणाली. "याच्यासाठी बोलावलंत?"

"ते थांबणं पसरतंय. काही मुलांना कारण नसताना भीती वाटायला लागली आहे. कनक मेश्राम नावाची एक मुलगी आहे, आठ वर्षांची. वडील बसचालक. दोन महिने झाले, ती त्यांना घराबाहेर पडू देत नाही. दाराला मिठी मारते. त्यांची नोकरी जायची वेळ आली आहे."

"साच्यात दोष असेल."

"त्या जागी साच्यात शांतता आहे. दोष नाही, शांतताच लिहिली गेली आहे. आणि दुसरं असं, की पाढा मनात कोण म्हणतं, हे आम्ही मुलांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एक. एक बाई विचारतात आणि एक छोटी मुलगी उत्तर देते. हे ऐका."

त्यांनी तीन मुलांचं पाठांतर ऐकवलं. एक मूल सीताबर्डीचं, एक काटोलचं, एक भंडाऱ्याचं. तिघं वेगवेगळ्या आवाजांची होती, पण तिघंही पाचाच्या उत्तराचा शेवट लांबवत होती आणि सहाच्या उत्तरानंतर तोंडाने श्वास घेत होती. नाक चोंदलेलं मूल घेतं तसा.

शाल्मलीने दुसऱ्यांदा ऐकायला मागितलं नाही. दुसऱ्यांचे आवाज ओळखायला शिकवण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

"ही मी आहे," ती म्हणाली. "सात वर्षांची."

राहाटेंनी मान डोलावली. त्यांना अंदाज होताच, हे तिला त्या मान डोलावण्यावरून कळलं.

"बाईंनी शेकडो मुलांना शिकवलं," ते म्हणाले. "मग तुमचाच आवाज का, हे मला—"

"वर्ग एका सुरात म्हणतो, राहाटे. चाळीस आवाजांचा एक गोंगाट होतो, त्यात कोणीच उरत नाही. मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर एकटी बसायचे. शुभंकरोती झालं की परवचा. सगळ्यात खोल घोटलेला पाढा तो होता, आणि त्याची उत्तरं तिच्याकडे नव्हतीच. ती माझ्या आवाजात होती." ती पहिल्यांदाच खुर्चीवर टेकली. "तुम्ही तिच्यातून पाढे काढले नाहीत. मला काढलंत."

राहाटेंनी समोरची फाईल मिटली.

"तुम्हाला माहीत होतं, ते पुन्हा थिजत नाही म्हणून?"

"उंदरांमध्ये दिसलं होतं. सगळ्यांत नाही. मला वाटलं, फार तर पाढे जातील. बाई निवृत्त झालेल्या. पाढे गेले तर काय अडणार आहे, असं—"

"पुन्हा म्हणा."

"काय?"

"पाढे गेले तर काय अडणार आहे. पुन्हा म्हणा. मला नीट ऐकायचंय, तुमचा आवाज कसा लागतो ते."

त्यांनी म्हटलं नाही. "सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या," एवढंच म्हणाले.

"आल्या असत्या," शाल्मली म्हणाली. "मुलांसाठी म्हटलं असतंत तर ती जाळं घालून बसली असती. फक्त आधी मला घरी बोलावून जेवू घातलं असतं. तेवढं तुम्ही घेतलंत."

बाहेरच्या बाकावर कनकला घेऊन बसलेले मेश्राम खोकले. राहाटे खालच्या आवाजात बोलू लागले.

"रुजवलेलं काढून टाकता येत नाही. काढायचं तर पुन्हा वितळवावं लागेल. आणि ही मुलं एवढे दिवस ते पाढे घरी आईबापांसमोर म्हणत आली आहेत. त्याला काय काय चिकटलं असेल..."

"म्हणजे उद्या साडेतीनशे मुलं आपापल्या आईला विचारतील, कोण हवंय तुम्हाला."

"हो."

"मग?"

"त्या जागी थांबलेली असताना मुलांची आठवण वितळलेलीच असते. तेवढ्यात उत्तर मिळालं तर ते तिथे बसायला हवं. आम्ही दिलं. मी दिलं, पालकांनी दिलं, शिक्षकांनी दिलं. मुलांना एकशे त्रेपन्न हा आकडा कळतो, पण थांबणं जात नाही. ती जागा दुसऱ्याच्या आवाजाला आत घेत नाही. बाईंनी तुमचा आवाज लहानपणापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत ऐकला होता. तो कोणत्याही वयात साच्यातल्या बाईंना ओळखू येणार. तुम्ही इथे दोन शब्द बोललात की ते साच्यात भरता येईल, सगळ्या मुलांना एकदम..."

"म्हणजे आधी तिच्यातून मला काढलंत, आणि आता माझ्याकडून मला मागताय."

"मुलांसाठी."

"हा शब्द तुम्ही वापरू नका."

ती उठून खिडकीशी गेली. ते उत्तर तिला येत होतं. सात वर्षांची असल्यापासून येत होतं. ते तिने आयुष्यात कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, हे राहाटेंना माहीत नव्हतं, आणि तिने ते त्यांना सांगितलंही नाही.

ती सात वर्षांची असताना एका संध्याकाळी सतराचा पाढा पहिल्यांदाच चालू होता. सतरा आठी, एकशे छत्तीस. तेवढ्यात फोन वाजला. आईने तो उचलला, ऐकला, काहीच न बोलता खाली ठेवला. परत येऊन समोर मांडी घातली. चेहरा भिंतीसारखा. बाबांच्या कचेरीतला फोन होता हे शाल्मलीला कळलं होतं. काहीतरी संपलंय, हेही कळलं होतं. आईने अंगठा मधल्या बोटाच्या टोकाच्या पेरावर ठेवला आणि विचारलं, "सतरा नव्वे?"

शाल्मलीने तोंड मिटून घेतलं. आई थांबली. थांबून राहिली. शेजारचे लोक दारात येईपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या.

तेरावं झाल्यावर परवचा पुन्हा सुरू झाला. ती ओळ आली की शाल्मली तोंड मिटायची. आई थांबायची, आणि मग "सतरा दाहे?" म्हणून पुढे जायची. का बोलत नाहीस, असं आईने कधी विचारलं नाही. बाबा गेल्याचा फोन ठेवून पाढा विचारणारी बाई, असा आईबद्दलचा एक निवाडा शाल्मलीच्या मनात तेव्हा झाला होता. पुढे आई म्हातारी झाली, दोघींचं पटायला लागलं, पण तो निवाडा फिरवावा असं काही घडलं नव्हतं.

"त्या मुलीला आत बोलवा," ती परत खुर्चीवर बसत म्हणाली.

कनक वडिलांची बाही धरून आली. मेश्रामांनी बसचालकाचा गणवेश घातलेला होता, जणू इथून तरी सुटून कामावर जाता येईल. कनकने बाही सोडली नाही, म्हणून तेही शेजारी बसले.

"तुला पाढे येतात म्हणे," शाल्मली म्हणाली.

"तिसापर्यंत. सतराचा मधून तुटला आहे."

"तुटला की तिथे काय होतं?"

"बाई थांबतात." कनकने हात पुढे केला. अंगठा मधल्या बोटाच्या टोकाच्या पेरावर होता. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. शाल्मलीने तो अंगठा पाहिला आणि स्वतःचे हात मांडीखाली घेतले.

"आणि ती मुलगी उत्तर देत नाही, म्हणून बाई रागावतात?"

"नाही नं." कनकला हा प्रश्न बावळट वाटला. "बाईंना उत्तर नकोच असतं."

राहाटेंनी मान वर केली.

"मग विचारतात कशाला?"

"पाढा संपू नये म्हणून." कनक वडिलांच्या बाहीच्या गुंडीशी खेळत होती. "पाढा संपला की त्या मुलीला काहीतरी सांगावं लागणार असतं. वाईट. बाईंना ते सांगता येत नाही. मुलगी गप्प बसली की बाईंना बरं वाटतं. म्हणजे अजून सांगायला नको. पण भीती तर वाटतेच." तिने गुंडी घट्ट धरली. "बाबांचं काहीतरी असतं ते."

मेश्राम कोणाकडेच न पाहता म्हणाले, "घरी हेच सांगते मॅडम. आम्हाला काही समजत नाही."

यंत्र आतलं सगळं वाचतं, असं राहाटे म्हणाले होते. वाचलं होतं. पाढा वाचला, पाढ्याचं उत्तर देणारी मुलगी वाचली, आणि नवऱ्याच्या मरणाची बातमी पोटात ठेवून लेकीला आणखी एका ओळीपुरती बाप असलेली ठेवू पाहणारी बाई वाचली. आणि ती साडेतीनशे पोरांच्या डोक्यात वाटून टाकली, कारण शांततेच्या जागी काही नसतं असं या लोकांना वाटलं.

आणि तू, शाल्मलीच्या मनात आलं. एवढंच होतं तर सांगायचंस. नंतर सांगायचंस. दहा वर्षांनी सांगायचंस, वांगी चिरता चिरता सांगायचंस. मी दगड समजत राहिले तुला, आणि तू समजू दिलंस. रोज त्या ओळीवर थांबत राहिलीस, आणि मला वाटायचं की तू माझी हट्टी मान वाकायची वाट बघतेस. जिला विचारायचं तिला शेवटी मी कोण हेच ठाऊक नव्हतं, आणि हे मला मेश्रामांच्या पोरीकडून कळावं.

"डॉक्टर दाणी," राहाटे हळूच म्हणाले, "स्मृतिलेखक तयार आहे. आपण जर—"

"बंद करा तो."

"पण एकदाच बोललात की सगळ्या मुलांना..."

"माझा आवाज तुमच्या यंत्रात जाणार नाही. मी एकेका मुलासमोर बसेन. साडेतीनशे आहेत ना, साडेतीनशे वेळा बसेन. पाढे असेच देतात, राहाटे. एकाने विचारायचं, एकाने सांगायचं, आणि दोघांनी एकाच खोलीत असायचं. तुम्हाला हे कोणी शिकवलं नाही. आता बाहेर जा. आणि त्या मुलांच्या आईबापांना आजच सांगा, तुम्ही काय केलंत ते. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन, आणि मी तुपाची उदाहरणं देणार नाही."

राहाटे उभे राहिले. यंत्राची कळ दाबून ते दार लावून गेले. स्मृतिलेखकाचा हिरवा दिवा विझला.

शाल्मली खुर्चीवरून उतरली आणि खाली फरशीवर मांडी घालून बसली. कनकने वडिलांकडे पाहिलं. ते हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "जा. मी इथंच आहे." तिने बाही सोडली आणि समोर येऊन तशीच मांडी घातली.

"आज तू बाई हो," शाल्मली म्हणाली. "विचार."

कनकचा अंगठा करंगळीवर गेला. "सतरा एके?"

"सतरा."

"सतरा दुणे?"

"चौतीस."

पाचाला आपण शेवट लांबवला, हे शाल्मलीला स्वतःला ऐकू आलं. सहानंतर तिने तोंडाने श्वास घेतला. "सतरा आठी?" "एकशे छत्तीस." अंगठा मधल्या बोटाच्या टोकाला पोचला.

"सतरा नव्वे?"

कनक थांबली. तिची नजर शाल्मलीवर होती आणि शाल्मलीवर नव्हतीही. चेहरा हळूहळू भिंतीसारखा झाला. आठ वर्षांच्या चेहऱ्यावर तो बसत नव्हता. शाल्मलीला तो चेहरा पाठ होता, पण आज पहिल्यांदाच त्याच्या मागे काय आहे ते दिसत होतं. ती बोलली की हे थांबणं संपणार होतं. आईचं जगात उरलेलं एवढंच होतं. आईने शाल्मलीला ओळखून तिची वाट बघावी, अशी ही शेवटची जागा होती. आणि ती एका पोरीच्या डोक्यात होती, जिच्या बापाला कामावर जायचं होतं.



"मला माहीत होतं, आई," शाल्मली म्हणाली. "तू नाही सांगितलंस तरी तेव्हाच माहीत होतं. सांगायला नको आता."

कनकचा अंगठा हलला नाही. ती आता खरंच उत्तराची वाट बघत होती.

"एकशे त्रेपन्न."